फेसाचे बिननावी कागद

आमच्या शिक्षकखोलीत एका बुडबुड्याची हजेरी लागत असे. कपाटावर लोणच्याची काचेची बरणी, तिच्या तळाशी बोटभर साबणाचं पाणी आणि त्या पाण्यावर बसलेला अर्धा गोल बुडबुडा. झाकण घट्ट. फुगे सर सकाळी खोलीत शिरले की पिशवी ठेवायच्या आधी बरणीकडे बघायचे, "हजर हाय" म्हणायचे आणि मगच मस्टरवर स्वतःची सही करायचे. हा बुडबुडा किती टिकणार यावर आमच्यात तर्री-पोह्यांची पैज लागली होती. मी म्हटलं होतं, दुपारच्या सुट्टीपर्यंत. शिपायाने म्हटलं होतं, "सरचा हाय, लवकर मरत नाही." पैज शिपायाने जिंकली. आठवडा उलटून गेला तरी बुडबुडा आपला बसलेला. शेवटी एका सोमवारी तो गैरहजर निघाला तेव्हा चित्रकलेच्या सरांनी अर्ध्या दिवसाची दुखवट्याची सुट्टी मागायचं सुचवलं. फुगे सरांनी बरणी विसळली आणि दुसऱ्या दिवशी तिच्यात घरून कैरीचं लोणचं घेऊन आले. लोणच्याला पुढे बरेच दिवस साबणाची चव होती, पण तसं बोलायची कोणाची हिंमत झाली नाही.

फुगे सर हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. ते पाचवी ते आठवीला विज्ञान शिकवायचे. शाळा नागपुरातली, मराठी, अनुदानित. म्हणजे इमारत जुनी, फलक नवा आणि मुलं दरवर्षी कमी. सर उंच, वाळलेले, पण मिशी दोन माणसांना पुरेल एवढी. शर्टाच्या खिशात पेनांऐवजी स्ट्रॉ खोचलेले असायचे. घाईत कोणी पेन मागितलं की ते न बघता एक स्ट्रॉ काढून द्यायचे. मी नवीन होते तेव्हा पहिल्याच दिवशी मला असा स्ट्रॉ मिळाला, आणि मी तो हातात धरून कितीतरी वेळ सही कुठे करायची याचा विचार करत उभी होते.

ते राहायचे प्रताप नगरला. एकदा काही कामाने त्यांच्या घरी गेले होते. काकूंनी चहा दिला आणि सरांसमोरच त्यांचं गाऱ्हाणं मांडलं. "या माणसानं मले कधी भांडे घासाचा साबण पुरू देल्ला नाही. साबण आणला का हा बाटलीत ओतते. साखर आणली का बाटलीत ओतते. एक दिवस मी ह्यालेच बाटलीत ओतीन आणि बूच लावीन." सर मान डोलावत ऐकत होते, आणि मधेच माझ्या चहाकडे बोट दाखवून म्हणाले, "फेस पाहा मॅडम. दूध चांगलं हाय."

मिश्रणाचं त्यांचं गणित ठरलेलं. भांड्यांचा पातळ साबण, औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन, थोडी साखर आणि उकळून थंड केलेलं नळाचं पाणी. बोअरच्या पाण्याचा त्यांना मनापासून राग होता. कोणाच्याही घरी गेले की ते एका लहान बाटलीत तिथलं पाणी घ्यायचे, साबणाचा थेंब टाकून हलवायचे आणि बाटली उजेडात धरून यजमानाबद्दलचं मत बनवायचे. पुतणीसाठी स्थळ बघायला गेले असताना त्यांनी मुलाच्या घरी हाच प्रयोग केला. मुलगा इंजिनीयर, घर स्वतःचं, सगळं जमत आलेलं. सर बाटली खाली ठेवून म्हणाले, "पाणी जड हाय. पोरीचे केस जातीन." स्थळ मोडलं नाही, पण पुढच्या बैठकीला सरांना कोणी नेलं नाही.

बुडबुडा म्हटला की आपल्याकडे लोकांना ताबडतोब वैराग्य येतं. सरांना त्याची भयंकर चीड. गुरुपौर्णिमेला शाळेत एक बुवा पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी डोळे मिटून सुरुवात केली, "बाळांनो, मानवी जीवन म्हणजे पाण्यावरचा बुडबुडा. आत्ता आहे, आत्ता नाही." सर मागच्या भिंतीला टेकून उभे होते. तिथूनच म्हणाले, "महाराज, मिश्रण चुकलं तुमचं." बुवांनी डोळे उघडले. सर समजुतीच्या सुरात पुढे बोलले, "ज्याचा फुगा फुटते, त्याच्या साबणात खोट हाय. ग्लिसरीन टाकून पाहा." पोरं खिदळली, मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, कपाळाला हात लावला, आणि बुवा जीवनावरून एकदम शिस्तीवर आले. कार्यक्रमानंतर मात्र सर आणि बुवा नळापाशी बराच वेळ बोलत होते. जाताना बुवांच्या झोळीत एक स्ट्रॉ होता, हे मी स्वतः पाहिलं आहे.

शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटचे दोन तास पाचवीचे असत. त्या दोन तासांत वर्गात जमिनीवर बसून फेसाचे कागद चालायचे. वाटीत साबणाचं पाणी, त्यात शाई नाहीतर पोस्टर कलर. पोरांनी स्ट्रॉने वाटीत फुंकायचं. फेस दूध उतू यावं तसा काठाच्या वर चढला की त्यावर कोरा कागद अलगद टेकवायचा आणि उचलायचा. बुडबुडे कागदावर फुटतात आणि आपल्या कडा तिथेच सोडून जातात. निळ्यावर लाल, लालवर हिरवा, असं करत कागद भरायचा. प्रत्येक स्ट्रॉला वरच्या बाजूला सर स्वतः कर्कटकाने एक भोक पाडून द्यायचे. "पोट्ट्यायले फुका म्हटलं का ते ओढतेत," ते म्हणायचे. भोक असलं की ओढून तोंडात हवा येते, साबण येत नाही. चित्रकलेच्या सरांचं म्हणणं होतं की ही चित्रकला नव्हे, कारण हिच्यात हात वापरलेला नाही. फुगे सर म्हणाले, "बरोबर हाय. फुप्फुस वापरलं."

विज्ञान यात कुठे होतं? ते मिशीत होतं. फेसात बुडबुड्यांच्या भिंती एकमेकींना मिळतात तेव्हा एका ठिकाणी तीनच मिळतात, चार कधीच नाही. हे सरांनी फळ्यावर लिहून दिलं नाही. त्यांनी पहिल्याच शनिवारी जाहीर केलं, "एका जागी चार भिंती मिळालेल्या दाखवा, मी मिशी काढतो." झालं! सरांची मिशी उतरवायच्या आशेने पाचवीतली पोरं वर्षभर भिंग घेऊन कागदांवर वाकलेली असायची. प्रांजली नावाची एक चिवट पोरगी होती. ती दर शनिवारी एक तरी चौक शोधून आणायची. सर भिंगातून बघायचे, आपली मिशी चाचपायचे आणि म्हणायचे, "हा रंग फिसकटला वं बाई. आणखी पाह्य." ती न कुरकुरता पुन्हा फुंकायला बसायची. एवढा अभ्यास मी व्याकरणाचा करवून घ्यायला गेले असते तर पालकांनी तक्रार केली असती.

आणखी एक नियम होता, आणि पुढचं सगळं त्या नियमावर अडकलेलं आहे. कागदावर नाव लिहायचं नाही. वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळी बांधलेली होती. तिच्यावर प्रत्येकाचा एकच कागद चिमट्याने लावायचा. नवीन केला की जुना काढून घरी न्यायचा. मी एकदा म्हटलं, "सर, नाव तरी लिहू द्या. कोणाचा कोणता, कळणार कसं?" सर म्हणाले, "यायच्या मायनं यायले ओळखाले गळ्यात पाटी बांधली होती का?" मला पटलं नाही. म्हणून एका दुपारी मी सगळे कागद काढले, पत्त्यांसारखे पिसले आणि पोरांसमोर पसरले. भांडण नाही, ओढाओढी नाही, ज्याचा त्याने उचलला. मला त्यातले दोन कागदसुद्धा एकमेकांपासून वेगळे सांगता आले नसते.

आता माझं सांगते. मी पाचवीची वर्गशिक्षिका, मराठी शिकवायचे आणि शाळेत सगळ्यांत नवीन होते. अनुदानित शाळेत मुलं ठरलेल्या आकड्याच्या खाली गेली की एक शिक्षक जास्तीचा ठरतो. सरकारी भाषेत त्याला अतिरिक्त म्हणतात, आणि जिल्ह्यात जिथे जागा असेल तिथे त्याला पाठवून देतात. नंबर लागतो तो सगळ्यांत नवीन माणसाचा. माझा नवरा नोकरीला चंद्रपूरला. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आणि भिंतीला धरून उभी राहायला शिकलेली लेक. शेजारच्या मावशी दुपारपर्यंत दोघींना बघायच्या, त्यापुढे नाही. जिल्ह्याच्या टोकाला बदली झाली असती तर नोकरी नाहीतर घर, दोन्हींतलं एक सोडावं लागलं असतं. घर सोडता येत नाही. त्या वर्षी पाचवीचा आकडा काठावर होता, आणि मला फार भीती वाटत होती.

म्हणून एप्रिल. बाहेरच्या लोकांना वाटतं, मास्तरांना उन्हाळ्यात सुट्टी असते. मास्तर उन्हाळ्यात घरोघर फिरून पोरं गोळा करतात. कोणती शाळा दप्तर देते, कोणती छत्री, कोणती ऑटो फुकट. आमच्या संस्थेने पाण्याच्या बाटल्या दिल्या होत्या, त्यांची बुचं फिरून फिरून लागत नसत. मोठ्या बाईंनी जोड्या लावल्या आणि माझ्या वाट्याला फुगे सर आले. त्याच क्षणी माझ्या डोळ्यांसमोर जिल्ह्याच्या टोकाचा एसटी थांबा उभा राहिला.

सरांनी बाटल्या शाळेतच ठेवल्या. त्यांनी सोबत घेतलं वाट्यांचं बोचकं, साबणाच्या पाण्याचा डबा आणि कोरे कागद. अडचण एवढीच की नागपूरच्या एप्रिलात बुडबुडा स्ट्रॉमधून बाहेर येईपर्यंत सुकून जातो. त्यावर सरांचा उपाय होता कूलर. कूलरसमोर हवा ओली असते, पंखा सावकाश ठेवला तर फेस छान धरतो. त्यामुळे दार उघडलं की सर घरात मुलं आहेत का हे विचारायचेच नाहीत. ते विचारायचे, "कूलर हाय का?"

एका घरी बनियनवर दार उघडलेल्या काकांनी हा प्रश्न ऐकून आम्हा दोघांना आपादमस्तक न्याहाळलं. "आले का बाप्पा! दोन दिवसांपासून फोन करून राहिलो तुमाले." मी तोंड उघडेपर्यंत ते आम्हाला मागच्या खिडकीपाशी घेऊन गेले. सरांनी शांतपणे कूलरची बाजू उघडली, पंपात अडकलेला कचरा काढला, जुना वाळा झटकला, पाणी सोडलं. कूलर सुरू झाला. काका खिशात हात घालू लागले तेव्हा सर म्हणाले, "पैसे नको. पाचवीत जाणारं कोणी हाय का घरात?" काका घाबरले. मी घाईघाईने शाळेचं नाव सांगितलं. आत जुळी भावंडं होती. अर्ध्या तासात दोघंही कोपरापर्यंत जांभळी झाली, आणि काकांनी तिथल्या तिथे नावं दिली. "मास्तर असून पंप सुधरवते म्हणजे शाळा कामाची हाय," असा त्यांचा हिशेब होता.

त्या दिवशी परत येताना मला सर देवमाणूस वाटले होते. दोन दिवस वाटले.

तिसऱ्या दिवशी एका चुणचुणीत पोरीच्या घरी गेलो. पोरीचा कागद झकास निघाला. आई खूश. आता होच म्हणणार, तेवढ्यात तिने विचारलं, "सर, शाळेत कॉम्प्युटर हाय ना?"

"हाय," सर म्हणाले. मी सुटकेचा श्वास घेतला. "पण चालत नाही. तीन वर्षांपासून त्याच्यावर कबुतर बसून राहिलं."

मी खालून त्यांच्या पायावर पाय दिला. ते पाय काढून घेऊन माझ्याकडे बघू लागले.

"आणि इंग्रजी?" आईचा आवाज उतरला होता.

"इंग्रजी मी घेतो. खराब घेतो," सर म्हणाले. "मराठी ह्या मॅडम चांगलं घेतेत."

आईने पोरीला आत बोलावलं, कागद मात्र ठेवून घेतला. रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं आणि मीही गप्प बसणार नव्हते. "सर, खोटं बोला असं मी म्हणत नाही. पण नुसतं हाय म्हणून थांबता येत नाही का? माझी नोकरी जाईल!"

सर डोक्याचा दुपट्टा नीट करत म्हणाले, "पोट्टी जूनमधे शाळेत येनच ना? कॉम्प्युटर पाहीनच ना? मंग तिच्या मायले काय सांगू?"

"मग गप्प तरी बसा."

"विचारलं नाही तर बसतो. विचारलं का मले गप्प बसता येत नाही मॅडम. लहानपणापासून तसंच हाय."

जून आला, शाळा भरली, आणि पाचवीत ठरलेल्या आकड्याला एक मूल कमी पडलं. ते एक मूल कोणतं, हे मला तोंडपाठ होतं.

पटपडताळणीला शिक्षण खात्याचे साहेब येणार म्हणून कळलं तेव्हा मोठ्या बाईंनी एक तोड काढली. तोड जुनीच होती, पुष्कळ ठिकाणी चालते. त्यांचा भाचा दुसऱ्या एका इंग्रजी शाळेत होता. पटावर त्याचं नाव चढवायचं आणि त्याला त्या दिवसापुरता आमचा गणवेश घालून पाचवीत बसवायचं. बाईंनी सगळ्यांना बोलावून समजावलं, आणि शेवटी फुगे सरांकडे वळल्या. "सर, तुम्ही काही बोलायचं नाही."

"मी सवताहून काही बोलत नाही," सर म्हणाले. "फकत मले विचारू नका म्हणा त्यायले."

भाचा आला. त्याच्या गणवेशाला इस्त्री होती, बुटाला पॉलिश होतं आणि केसांचा भांग पट्टीने आखलेला होता. पाचवीची पोरं त्याच्याकडे पाहुणा नवरदेव बघावा तशी बघत होती. मी त्याचे केस विस्कटले, बुटांवर थोडी धूळ टाकली, आणि त्याला तिसऱ्या बाकावर दडपून बसवलं.

साहेब तरुण होते, दमलेले होते. सकाळपासून शाळाशाळांतून पोहे खाऊन बेजार झाले असावेत, कारण आमचे पोहे त्यांनी हातानेच नको म्हणून सारले. त्यांनी डोकी मोजली, पटाशी ताडून पाहिली. आकडा बरोबर होता. त्यांनी लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं. मी दारात उभी होते. एप्रिलनंतर पहिल्यांदा मी निवांत चौकटीला टेकले.

आणि साहेबांनी वर पाहिलं. "हे काय लावलंय?"

सर याच प्रश्नाची वाट बघत असल्यासारखे वर्गात शिरले. "फेसाचे कागद, साहेब. पोट्ट्यायनंच केले." मग वाटी, फेस, तीन भिंती, मिशी, सगळं सांगून झालं. साहेब पहिल्यांदा हसले. "छान आहेत. पण नावं कुठे आहेत?"

"नाव लागत नाही. ज्याचा त्याले ओळखू येते."

"शक्यच नाही," साहेब म्हणाले. दमलेला माणूस एकदम गमतीत आला होता. "चला रे, ज्याचा त्याने काढून आणा बघू!"

पोरं उठली. बाकं सरकली, चिमटे पटापट उघडले, आणि बघता बघता सुतळी मोकळी झाली. प्रत्येकाच्या हातात एक कागद. प्रांजली तर स्वतःचा कागद छातीशी धरून एक संशयित चौक साहेबांना दाखवू लागली होती. तिसऱ्या बाकावर भाचा एकटा उभा राहिला. त्याचे हात मोकळे होते.

"तुझा कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

भाच्याने आपल्या मावशीकडे बघितलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "आजारी होता हो तो मध्यंतरी." बोलणं ठीक होतं, आवाज ठीक नव्हता. साहेबांनी पोराच्या भांगाकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं. मग ते सरांकडे वळले. "काय सर, हा तुमच्या वर्गातलाच ना?"

एक शब्द पुरला असता. शब्दही नको, नुसती मान हलली असती तरी चाललं असतं. भाचासुद्धा हो म्हणायला तयार दिसत होता. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडलेले होते. त्यांनी ते नीट पाहिलं, मला माहीत आहे.

"नाही जी," सर म्हणाले. "याले आजच आणलं."

साहेबांनी टोपण काढलं आणि आकडा एकाने कमी केला. बाईंना ते बाजूला घेऊन काहीतरी बोलले, ओरडले नाहीत, प्रकरणही वाढवलं नाही. पण आकडा खोडला तो खोडलाच.

जीप फाटकाबाहेर गेल्यावर मी व्हरांड्यात सरांना गाठलं. पोरं बघत होती, बघू दिली. "एक 'हो' म्हटलं असतं तर तुमची मिशी गळून पडणार होती का? तुमचं काय जातं? तुम्हाला दोन वर्षांनी पेन्शन! माझी लेक अजून चालत नाही, सासू उठत नाही, आणि तुम्ही इथे हरिश्चंद्र होऊन राहिलात!" आणखीही बोलले. जे शब्द वर्गात ऐकले तर मी पोरांना अंगठे धरून उभं करते, तेही बोलले. सर ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "मले विचारलं त्यायनं."

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. चहाला त्यांच्या टेबलावर बसेना. शाळेतल्या अर्ध्या लोकांना सर थोर वाटत होते आणि अर्ध्यांना ठार वेडे. थोर म्हणणाऱ्यांपैकी कोणाचीच नोकरी जाणार नव्हती. मी व्हरांड्यात जे बोलले त्यातला एक शब्दही मला आजही चुकीचा वाटत नाही.

थंडी पडली. शहरात अधिवेशनाचे मंडप लागले, मोर्चे निघाले, त्यात अतिरिक्त शिक्षकांचाही निघाला. मी गेले, घोषणा दिल्या, घसा बसवून परत आले. एका शनिवारी मोठ्या बाईंनी सगळ्यांना शिक्षकखोलीत बोलावलं. आदेश आला होता. मी आदल्या दिवशीच माझा खण रिकामा करून पिशवी भरून ठेवली होती. फुगे सर तेवढे आले नव्हते, त्यांचा पाचवीचा तास चालू होता. बाईंनी चष्मा लावून वाचलं. काटोलच्याही पुढचं एक गाव. आणि नाव फुगे सरांचं.

मला वाटलं, बाई ओळ चुकल्या. मी कागद ओढून घेऊन स्वतः वाचला. बाई म्हणाल्या, "जुना माणूस स्वतः तयार असला तर नव्याला हलवत नाहीत, तशी सोय आहे म्हणे. कोणी वापरत नाही म्हणून आपल्याला माहीत नव्हतं. साहेब येऊन गेले ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सर कचेरीत जाऊन लिहून देऊन आले."

दुसऱ्याच दिवशी. म्हणजे मी चहाचं टेबल बदललं त्या दिवशी. त्यांचे गुडघे दुखायचे, जिना ते कठडा धरून चढायचे. आता अंधारात उठून एसटी, पुढे पायी, आणि संध्याकाळी तेच उलटं.

मी व्हरांड्यातून जवळजवळ पळतच गेले. पाचवीच्या वर्गाचं दार उघडलं. पोरं जमिनीवर बसलेली, वाट्यांवर निळा-हिरवा फेस चढलेला. सर एका पोराशेजारी उकिडवे बसून त्याचा कागद टेकवत होते.

"काहून केलं सर?" मी दारातूनच विचारलं.

त्यांनी कागद अलगद उचलला, उजेडात धरून पाहिला, पोराच्या हातात दिला. मग माझ्याकडे बघितलं.

"खरं मी बोललो मॅडम," ते म्हणाले. "त्याचं भाडं तुमी काहून भरसान?"

मी पूर्ण व्हरांडाभर वाक्यं जुळवत आले होते. रागाचीही होती, दुसरीही होती. ती तशीच घेऊन मी उंबऱ्यावर उभी राहिले. डोळे भरून आले आणि ते पुसायचंही सुचलं नाही. माझ्या पाठीमागून डिसेंबरचा कोरडा वारा वर्गात शिरत होता, आणि एकेका वाटीतला फेस खाली बसत होता. पोरं हातात स्ट्रॉ धरून माझ्याकडे बघत होती.

"आत या नाहीतर बाहेर जा," सर वैतागून म्हणाले. "मधात काय उभ्या राहिल्या? वारा येऊन राहिला."

मी आत गेले आणि दार लावून घेतलं.